दोन टाके, आणि माझी एक चूक



मागच्या हिवाळ्यात आपल्या एका गटाला तान्ह्या बाळांच्या लोकरी टोप्यांचं काम मिळालं. सगळ्यांना सारखेच ७० टाके घालायला मीच सांगितलं. टोप्या झाल्या, तर कुणाची बाळाला बसेना, कुणाची डोळ्यांवर येत होती. निम्म्या उसवाव्या लागल्या. चूक त्या ताईंची नव्हती, माझी होती. ती शेवटी सांगते, आधी टाके बघू.

विणकामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. सुलट टाक्याला लोकर मागे ठेवायची, उजवी सुई टाक्यात पुढून मागे घालायची, लोकरीचा वेढा घेऊन तो पुढे ओढायचा आणि डाव्या सुईवरचा जुना टाका सोडायचा. उलट टाक्याला लोकर पुढे घ्यायची, सुई मागून पुढे घालायची, वेढा घेऊन मागे काढायचा. गंमत बघा, सुलट टाका मागून पाहिला की उलटच दिसतो! वेणीच्या पेडासारखा दिसतो तो सुलट, बारीक गाठीसारखा दिसतो तो उलट. एवढं ओळखता आलं की कुठं चुकलं ते वीणच सांगते.

सगळ्या सुया सुलट विणल्या तर काठ सपाट राहतात. एक सुई सुलट, एक उलट केली तर वीण गुळगुळीत येते, पण काठ गुंडाळतात. म्हणून टोपीचा काठ २ सुलट, २ उलट असा घ्या. तो ताणतो आणि परत जागेवर येतो. फक्त सुलटवरून उलटवर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणा. सुईवरून आणली की एक टाका जास्त होतो. प्रत्येक सुई संपली की टाके मोजा. (कंटाळा येतो, माहीत आहे मला.)

आता माझी चूक. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, हे मी धरलंच नाही. ८ नंबरच्या सुईवर (नंबर वाढला की सुई बारीक होते बरं का) ३० टाक्यांचा चौकोनी तुकडा विणा. त्याच्या मधोमध १० सेंमीत किती टाके येतात ते मोजा. २२ आले तर ७० टाक्यांची टोपी साधारण ३२ सेंमी होते. नवजात बाळाचं डोकं ३५ सेंमीच्या आसपास असतं, टोपी ताणून नीट बसते. पण हात घट्ट असला आणि २६ आले, तर तीच टोपी २७ सेंमीच भरते. मग बसणार कशी? त्या ताईने ८२ टाके घालायचे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला तुकडा आणा. टेप मी आणते.