चाकोरीबाहेरच्या कथेचे घर
शास्त्रपाठ : लूक १८:१-८

खचून न जाता प्रार्थना करावी हे शिकवताना प्रभू येशूने एक धीट दाखला दिला. त्यातील न्यायाधीशाला देवाचे भय नाही, तरीही दाखला देवाविषयीच आहे. आज कोणी अशी कथा पाठवली, तर धार्मिक मासिकाला ती धाडसी वाटेल आणि साहित्यिक मासिकाला धार्मिक. मग अशा कथेने कोणाचे दार ठोठवावे?

दोन उदाहरणे पाहू. सी. एस. लुईस यांनी एका अनुभवी दुरात्म्याने तरुण दुरात्म्याला लिहिलेली ३१ पत्रे कल्पिली. १९४१ साली ती ‘द गार्डियन’ या अँग्लिकन साप्ताहिकात क्रमशः आली. त्यातील सल्ला सैतानी आहे, असे म्हणून एका पाळकाने वर्गणी बंद केली! तरी मालिका पूर्ण झाली व १९४२ साली तिचे पुस्तक निघाले. येथे मंडळीच्याच पत्राने धैर्य दाखवले.

अमेरिकेतील फ्लॅनरी ओ’कॉनर निष्ठावंत कॅथलिक होत्या. त्यांच्या कथांत देवाची कृपा हिंसेच्या व विद्रूपतेच्या वाटेने येते. त्यांतील अनेक कथांना ‘केनियन रिव्ह्यू’सारख्या साहित्यिक त्रैमासिकांत जागा मिळाली; १९५५ साली संग्रहही प्रसिद्ध झाला. म्हणजे घर दोन्हीकडे मिळू शकते. ते शोधावे मात्र लागते.

लेखकबंधुभगिनींनो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. कथा पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे काही अंक वाचा. तेथे प्रश्न अनुत्तरित ठेवणाऱ्या कथा छापतात काय, ते पाहा.

२. सोबतचे पत्र चार ओळींचे असावे. कथेचे तात्पर्य त्यात सांगू नका.

३. दिवाळी अंकांचाही विचार करा; मात्र त्यांची जुळवाजुळव कित्येक महिने आधी सुरू होते.

४. भाषेची दुरुस्ती नम्रतेने स्वीकारा. परंतु कथेतील सत्यच बोथट होणार असेल, तर प्रार्थनापूर्वक नकार द्या.

कथा परत आली म्हणजे देवाने ती नाकारली असे नव्हे. आणि छापून आली म्हणजे त्याने ती मान्य केली, असेही नव्हे. दाखल्यातील विधवा पुन्हा पुन्हा गेली, पण तिने आपली मागणी बदलली नाही.

मननासाठी : आपल्या मंडळीतील लेखक केवळ आपल्या भीतीने निरुपद्रवी कथा लिहीत आहेत काय?