लेकॉकचा वाडा

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात लेकॉक या गावी एक जुना वाडा आहे. तो अमक्या एकाने बांधला, असे म्हणता यावयाचे नाही. इ. स. १२३२ मध्ये सॅलिसबरीची काउंटेस एला हिने येथे ख्रिस्ती साध्वींसाठी मठ स्थापिला. तीनशे वर्षांनी आठव्या हेन्री राजाने देशातील मठ मोडले व १५३९ मध्ये येथील साध्वींनाही बाहेर पडावे लागले.

पुढे विल्यम शॅरिंग्टन याने ही वास्तू विकत घेतली. त्याने तिच्यातील चर्च पाडले. परंतु चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या राखल्या, वरच्या मजल्यावर राहती दालने केली आणि एका कोपऱ्यावर अष्टकोनी मनोरा उभारला. अठराव्या शतकात जॉन आयव्हरी टॅल्बट याने गॉथिक धाटणीचा दिवाणखाना बांधविला. त्यानंतर हेन्री फॉक्स टॅल्बट याने दक्षिणेकडील लांबट दालनास नव्या खिडक्या बसविल्या. त्यांतील एका खिडकीचे त्याने १८३५ मध्ये घेतलेले छायाचित्र हे जगातील उपलब्ध निगेटिव्हांत सर्वांत जुने होय.

१९४४ मध्ये हा वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन झाला. साध्वी ज्या ओवऱ्यांतून जपमाळ घेऊन फिरत, तेथून आज प्रवासी हिंडतात. चर्च मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. राहत्या घरात फेरफार करावेच लागतात. परंतु काय पाडावे आणि काय राखावे, हे ठरविताना आपण पुढच्या पिढ्यांसाठीही ठरवीत असतो.