तेरवीनंतरचा शोक

सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या दूषित औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन छिंदवाडा, बैतूल व आपल्या पांढुर्णा जिल्ह्यांतील मिळून वीसहून अधिक बालके दगावली. औषधातील डायएथिलिन ग्लायकॉलची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्या मातापित्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्या चर्चेहून दीर्घायुषी आहे, आणि आम्हा बालरोगतज्ज्ञांना तो टाळता येणार नाही.

आपल्या रूढीत वयस्क माणसाच्या शोकाला दशक्रिया, तेरवी, वर्षश्राद्ध अशा पायऱ्या आहेत. दात येण्यापूर्वी गेलेल्या अर्भकाचे मात्र दफन होते, सुतकही थोडके आणि तेरवी बहुधा नसतेच. त्याचे कपडे, झबली, खेळणी घाईने दृष्टीआड केली जातात. ‘दुसरे होईल’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्या मातेला आपले दुःख बोलून दाखविण्याची जागाच उरत नाही.

या संदर्भात मराठीभाषक कॅथलिकांच्या वसईकडे पाहावेसे वाटते. तेथील चर्चभोवतीच्या वस्तीला ‘धर्मग्राम’ म्हणतात. मृत्यूनंतर शेजारी घरी येऊन प्रार्थना करतात. पुढे सातव्या दिवशी, महिन्याने व वर्षाने मिस्सा होते, आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवून मृतांचे स्मरण केले जाते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : आठवण ठेवण्याची जबाबदारी शोकाकुल कुटुंबावर एकट्याने पडत नाही.

बालकांबाबत या चर्चचा प्रवासही उद्बोधक आहे. बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही, ही समजूत मातांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. १९६९ च्या सुधारित अंत्यविधीत, मातापित्यांची बाप्तिस्म्याची इच्छा असल्यास, बिशपांच्या परवानगीने अशा बाळाच्याही अंत्यसंस्काराची सोय झाली. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्रीय निवेदनाने या बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असे मांडले. अर्थात तेथेही सारे आदर्श असते असे नव्हे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द पहिल्याच दिवशी कानी पडले, तर ते आपल्या ‘दुसरे होईल’इतकेच बोचतात.

२०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोक’ हा स्वतंत्र विकार मानला आहे; निदानासाठी किमान सहा महिन्यांचा कालावधी हवा. नेमक्या त्याच सुमारास भेटीस येणारे थांबलेले असतात. आपल्या पांढुर्णा-सौंसरमध्ये ख्रिस्ती वस्ती तुरळक असली, तरी भजनी मंडळे, बचतगट व आशा कार्यकर्त्या गावोगाव आहेत. महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने कोणी भेटावे, हे त्यांच्याशी बोलून ठरविता येईल. वैद्यानेही मृत्यूची तारीख टिपून ठेवावी, आणि धाकटे भावंड लसीकरणास आले की गेलेल्या बाळाचे नाव घेऊन मातेची विचारपूस करावी. नाव घेतल्याने जखम उघडी पडेल ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. ती माता ते नाव क्षणभरही विसरलेली नसते.

घरातील भावंडांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही. आपल्या रागावण्यानेच हे घडले, असेही त्याला वाटू शकते. ‘बाळ झोपले आहे’ असे सांगितल्यास त्याला झोपेचीच धास्ती बसू शकते. त्यापेक्षा साध्या शब्दांत सांगावे : बाळाचे शरीर बंद पडले, ते पुन्हा सुरू होणार नाही, आणि तुझ्यामुळे हे झालेले नाही. हे एकदा सांगून भागत नाही. मूल विचारील तितक्या वेळा सांगावे.