खाट वाहणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क 2:1-12. सोबत वाचावे : लूक 10:25-37, गलती 6:2.

पाठाचा उद्देश : आजाऱ्यास वेळेवर दवाखान्यात पोहोचविणे हे मंडळीचे सेवाकार्य आहे, हे समजून घेणे.

1. पाठाचा अर्थ. कफर्णहूम येथे चौघांनी एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून प्रभूकडे आणिले. त्या चौघांची नावे शास्त्रात नाहीत. रोग बरा करणे त्यांच्या हाती नव्हते. बाजेचा एकेक कोपरा मात्र त्यांच्या हाती होता. दार गर्दीने अडले, तरी ते मागे फिरले नाहीत. छप्पर उकलून त्यांनी बाज खाली सोडली. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. तो विश्वास दिसला कोठे? त्यांच्या श्रमात.

2. आपल्या जिल्ह्यातील स्थिती. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली. तिला रुग्णाकडून पैसे घेणे नाही. अंबाजोगाईस 1974 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. परंतु बालाघाटच्या डोंगरातील कित्येक वाड्यातांड्यांच्या दारापर्यंत गाडी जात नाही. वस्तीपासून सडकेपर्यंतचा तुकडा गावानेच चालावयाचा असतो. त्यात दसरा-दिवाळीनंतर आपल्या गावांतील जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मागे म्हातारी माणसे व लेकरे राहतात. अशा वेळी रात्री कोणास कळा लागल्या, तर खाटेस खांदा कोण देणार? हा विचार मुकादमाची गाडी निघण्यापूर्वीच केला पाहिजे.

आम्ही अडाणी, आमच्याने काय होणार, असे कोणी म्हणू नये. शेजारच्या जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्यांनी खेड्यांतील निरक्षर स्त्रियांस शिकवून आरोग्यसेविका केले. 1979 साली त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. शिकण्याची इच्छा असली म्हणजे पुष्कळ होते.

3. भय सोडावे. सडकेवर जखमी पडलेला पाहून लोक पोलिसांच्या भयाने पुढे जातात. लूकच्या पाठातील याजक व लेवीही तसेच पुढे गेले. आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूस आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली यासंबंधीचे नियम बंधनकारक केले, व 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. त्याने आपले नाव सांगावे, अशी सक्ती करता येत नाही. तसेच जखमी कोणत्या जातीचा, कोणत्या आळीचा, हे विचारू नये. शोमरोन्याने ते विचारले नाही.

4. करावयाची कामे. प्रत्येक मंडळीने गावात राहणाऱ्या चौघांची नावे ठरवून ती प्रार्थनामंदिरात लावावी. त्या चौघांनी पुढील गोष्टी पाठ कराव्या :

(अ) 108 ला गाव, तालुका व ओळखीची खूण सांगावी. पलीकडून विचारणे संपेपर्यंत फोन ठेवू नये. एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहावे.

(आ) रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे.

(इ) बेशुद्धास पाणी पाजू नये. श्वास चालू असून मानेस वा पाठीस मार नसेल, तर त्यास कुशीवर निजवावे.

(ई) मानेस वा पाठीस मार असेल, तर आग किंवा तसाच धोका असल्यावाचून हलवू नये.

(उ) सर्पदंश झाल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णास चालू न देता दवाखान्यात न्यावे.

सुवार्तिक बंधूंनी प्रार्थना अवश्य करावी. पण गाडी बोलावून मग करावी. खांद्यावर खाट असतानाही प्रार्थना करता येते.

विचारासाठी प्रश्न.
1. चौघांपैकी एकाने आपला कोपरा सोडला असता, तर काय झाले असते?
2. आपल्या वस्तीपासून गाडी उभी राहील त्या ठिकाणापर्यंत किती वेळ लागतो? कोणी चालून पाहिले आहे काय?
3. उसाच्या हंगामात आपल्या गावचे चौघे कोण?