आधी पिंजरा, मग पक्षी

पक्षी घ्यायचा ठरलं की घरातली पहिली चर्चा रंगावरून होते. हिरवा की निळा, एक की जोडी, नाव काय ठेवायचं. पिंजऱ्याचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही दुकानात उभं असताना. दुकानदार वरच्या खुंटीवरचा एक काढून देतो, आपण तो रिक्षात मांडीवर घेऊन घरी येतो. ग्वाल्हेरात फूलबागेच्या आसपासच्या आमच्या मोहल्ल्यात जे विचारायला येतात त्यांना मी याच्या नेमकं उलट सांगतो. पिंजरा आधी आणा, महिनाभर घरात रिकामा ठेवा, मग पक्ष्याचं बघू. लोक हसतात. रिकामा पिंजरा घरात ठेवणं अपशकुनी, असंही एका काकूंनी मला ऐकवलं होतं. काकूंशी मी वाद घातला नाही, पण मत बदललेलं नाही.

ते मत बनलं माझ्या धाकट्या भावाच्या घरी. त्याच्या नातीला वाढदिवसाला बजरिगरची जोडी भेट आली, पिंजऱ्यासकट. पिंजरा दिसायला फार सुरेख होता. गोल, वर घुमट, आत एक छोटा आरसा, नव्या जस्ताच्या तारेची चकाकी. वहिनींनी तो बैठकीत मधोमध टांगला. जोडीतली निळी मादी पहिल्यापासून चपळ, दिवसभर चोचीने तार पकडून वर चढायची, खाली उतरायची, जोडांवर चोच घासत बसायची. काही आठवड्यांनी तीच मादी पिसं फुगवून गप्प बसू लागली. पाणी खूप प्यायची, शीट पातळ आणि हिरवट पडायची. थंडी लागली असेल म्हणून ऊब दिली, एका डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं. फरक पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी पक्ष्याला हात लावायच्या आधी पिंजऱ्याच्या जोडांवरून बोट फिरवलं आणि ते बोट आम्हाला दाखवलं. त्यावर पांढरी भुकटी होती. त्या रात्रीच मादीला झटके आले आणि ती गेली. नराला आम्ही तेव्हाच पुठ्ठ्याच्या खोक्यात हलवलं होतं, तो वाचला.

ती भुकटी जस्ताची. लोखंडी तारेला गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात, आपण जिला जीआय तार म्हणतो ती हीच. मुलामा स्वस्तात दिलेला असला की जोडांवर त्याचे थेंब, टोकं, पापुद्रे राहतात. पोपटाच्या कुळातले पक्षी चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतात, त्यामुळे तारेवर जे असेल ते रोज थोडं थोडं पोटात जातं. बजरिगरचं सगळं वजन तीस-चाळीस ग्रॅम. त्या देहाला विषबाधा व्हायला किती जस्त लागणार? वेळेवर कळलं तर रक्तातला धातू बाहेर काढणारं औषध असतं, क्ष-किरणांत पोटातले कणही दिसू शकतात. पण लक्षणं सर्दी-पोटबिघाडासारखी असल्यामुळे वेळेवर कळणंच कठीण.

म्हणून तारेचं आधी बघा. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग पडतो, पण तो एकदाच घ्यायचा असतो. तेवढे पैसे नसतील तर चांगला पावडर कोटिंगचा घ्या आणि नखाने खरवडून पाहा. रंग सुटत असेल तर परत ठेवा. घरात जस्ताचाच पिंजरा आलेला असेल तर तो फेकून द्यायलाच हवा असं नाही. व्हिनेगर आणि तारेचा ब्रश घेऊन प्रत्येक जोड घासायचा, भरपूर पाण्याने धुवायचा, काही दिवस उघड्यावर ठेवायचा, पुन्हा घासायचा. धोका कमी होतो, संपत नाही. माळ्यावरचे जुने रंगवलेले पिंजरे मात्र पक्ष्याला अजिबात देऊ नका. जुन्या रंगात आणि डागकामात शिसं असतं. पितळेचे पिंजरे वाड्याच्या ओसरीवर शोभतात, पण पितळेतही जस्त असतंच. त्यात कुंडी ठेवा.

दोन गजांमधलं अंतर बजरिगरसाठी अर्ध्या इंचाहून जास्त नको. डोकं बाहेर जाईल पण आत येणार नाही, असं अंतर सगळ्यात वाईट. गोल घुमटाच्या पिंजऱ्यात गज वर जाता जाता जवळ येतात आणि त्या चिंचोळ्या जागेत पायाचं बोट, कधी मानसुद्धा अडकते. शिवाय घुमटाच्या उंचीचा पक्ष्याला उपयोग नसतो, तो आडवा उडतो. जोडीसाठी लांबी निदान अडीच फूट आणि रुंदी-उंची दीड-दीड फूट, चौकोनी. काही गज आडवे असले तर चढाउतरायला सोपं जातं. दुकानात मिळणाऱ्या हातभर पिंजऱ्यात पक्षी फक्त वळू शकतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये, हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. मात्र बाजारात फिरून आलं की असा कायदा असेल यावर विश्वास बसत नाही.

दार वर सरकणारं असतं. पक्ष्याला ते चोचीने उचलता येतं, आणि मान बाहेर काढल्यावर ते खाली पडतं. कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला की काम झालं. रात्री तो लावलाय ना हे बघणं घरात एकाच माणसाचं काम असू द्या. सगळ्यांचं असलं की कुणाचंच नसतं.

आता जागेचं. पिंजरा महिनाभर रिकामा ठेवायला सांगतो ते मुख्यतः यासाठी. पिंजऱ्यात एक साधा थर्मामीटर टांगा आणि दिवसातून तीन-चार वेळा बघा. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५च्या वर जातो आणि जानेवारीच्या रात्री तो तीन-चारपर्यंत उतरतो. जी जागा एका ऋतूत उत्तम, तीच दुसऱ्यात घातक. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांवर दगडी पटियांची छतं आहेत. दिवसभर तापलेला पटिया रात्री उशिरापर्यंत आच सोडत राहतो आणि पिंजरा तर आपण हौसेने छताच्याच हुकाला टांगतो. डोळ्यांच्या उंचीला, एक बाजू भिंतीला लागून, ही जागा बरी. भिंतीची बाजू असली की पक्ष्याला चारही दिशांकडे सावध राहावं लागत नाही. भावाकडे वहिनींनी बैठकीत मधोमध टांगलेला पिंजरा या हिशेबानेही चुकीच्या जागी होता.

खिडकीत सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवाच. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकायला लागला की ताबडतोब सावलीत हलवा, पायांवर पाण्याचा हलका फवारा द्या. बर्फाचं पाणी नको. कूलरच्या थेट झोतात पिंजरा ठेवण्याची आमच्याकडे फार आवड आहे, जणू पाहुण्याला मानाची जागा दिली. एक तर तो ओला वारा सतत अंगावर, त्यात वीज गेली की तीच खोली दमट भट्टी होते. कूलरची हवा खोलीत असावी, पिंजऱ्यावर नव्हे.

थंडीत लोक याच्या उलट टोकाला जातात. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवतात आणि पिंजरा जवळ ओढतात. बंद खोलीतली शेगडी माणसांनाही मारते, पक्षी तर आधी जातो. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी १९८६पर्यंत कॅनरी ठेवत, ते याच कारणाने. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि हवेच्या पिशव्यांमुळे श्वास घेताना नि सोडताना दोन्ही वेळा त्याला ताजी हवा मिळते. उडण्यासाठी ही रचना अप्रतिम आहे, धुराच्या घरात मात्र तीच त्याच्या जिवावर उठते.

आणि मराठी घर म्हणजे धुराचं घर. सकाळी उदबत्ती, कापूर, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल, मधल्या वेळात मिरचीच्या फोडणीचा ठसका. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत नको, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. देवाची त्याला ना नसावी. स्वयंपाकघर तर पूर्ण वर्ज्य. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत खाली पडतो. नुसतं दार लावून हे टळत नाही. पक्षी असलेल्या घरात मी लोखंडी किंवा बिडाचा तवाच वापरायला सांगतो. नव्या रंगकामाचा, वार्निशचा, फवाऱ्याच्या अत्तराचाही हाच प्रकार. दिवाळीत धूर आणि आवाज दोन्ही. अंधारात दचकलेला पक्षी गजांवर आपटत सुटतो, तेव्हा त्या रात्रींना एक मंद दिवा चालू ठेवा.

पिंजरा गच्चीवर किंवा व्हरांड्यात ठेवू का, असं बरेच जण विचारतात. यावर मी त्यांना फूलबागेतलंच उदाहरण देतो. माधवराव शिंद्यांच्या काळात, १९२२मध्ये सुरू झालेलं इथलं प्राणी उद्यान आज गांधी प्राणी उद्यान म्हणून ओळखलं जातं. रविवारी तिथे मुलांची झुंबड असते. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये तिथले चित्रबलाक एकामागून एक मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि उद्यान लोकांसाठी बंद करावं लागलं. हा रोग रानपक्ष्यांच्या शीटेतून पसरू शकतो. पशुवैद्य आणि कर्मचारी हाताशी असलेल्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर उघड्या गच्चीवर कबुतरं बसतात त्या पिंजऱ्याची काय कथा. शिवाय गच्चीवर मांजर येतं, शिक्रा झडप घालतो आणि गजांतून आत येऊ शकेल इतका लहान साप पक्षी गिळून तिथेच अडकून बसतो. बाहेर ठेवायचाच असेल तर वर पत्रा आणि पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर दुसरी बारीक जाळी लागते. तेवढी तयारी नसेल तर आतच बरा. रात्री दाण्याची वाटी काढून घ्या. उंदीर अर्ध्या इंचातून सहज शिरतो.

आतली मांडणी अवघड नाही. दुकानातल्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून टाका, त्यांवर कायम बसून तळव्यांना फोड येतात. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावा. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे. वाट्या स्टीलच्या, आणि दांडीच्या बरोबर खाली नकोत, नाहीतर पाण्यात शीट पडते. चिरा असलेल्या घुंगरात बोट अडकतं, सुटलेल्या सुताच्या दोरीत पाय. आरसा काढला तरी चालतो. जोडीला आरसा लागत नाही.

कोणता पक्षी, हेही पिंजऱ्याआधीच ठरवा. दुकानात बजरिगरला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात. खऱ्या लव्हबर्डची चोच जास्त ताकदवान असते, त्याला तार जाड लागते. आपला राघू, मैना, मुनिया यांचं मात्र नावच काढू नका. देशी पक्षी पाळणं किंवा विकणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, मग ते पिल्लू कडुलिंबाच्या ढोलीतून कितीही प्रेमाने आणलेलं असो. परदेशी पक्ष्यांतही मकाव, आफ्रिकन ग्रे अशा जातींची केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बजरिगर, कॉकटीलला ती भानगड नाही.

महिना संपेपर्यंत थर्मामीटरने तुम्हाला जागा सांगितलेली असते, व्हिनेगरचा वास गेलेला असतो आणि मांजर कोणत्या खिडकीतून येतं तेही कळलेलं असतं. या महिन्यातच शहरात पक्षी तपासणारे डॉक्टर कोण, हे शोधून ठेवा. गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे सगळेच डॉक्टर पक्षी हाताळत नाहीत. पक्षी आल्यावर आठवड्यातून एकदा स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करून वहीत लिहा. पिसांआड पक्षी आजार लपवतो, पण तीन-चार ग्रॅमची घट काट्यापासून लपत नाही.

भावाच्या घरच्या नराला जोडीदार आणायचा विषय पुढे निघालाच. तेव्हा नवी मादी आली ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात, महिनाभर. तिच्या वाट्या वेगळ्या, तिचं काम जुन्याच्या नंतर, मग हात धुणं. त्यानंतर काही दिवस दोन पिंजरे शेजारी-शेजारी, आणि मग दोघं एकत्र. म्हणजे घरात पिंजरे दोन लागतात. दुसरा थोडा लहान असला तरी चालतो, पण व्हिनेगरने घासायचा तो तेवढाच.