परमुलखात शिकणारे पोर

गावात आपल्याला सगळे ओळखतात. कोणाच्या घरी कोणता सण, कोणाचा कोणता उपास, हे कोणाला विचारावे लागत नाही. पण पोर कॉलेजसाठी दूरच्या मुलखात गेले, की सगळेच नवे. त्यातून त्याच्या धर्माची माणसे तिथे थोडी असली, तर अडचणी वाढतात.

या अडचणी दिसायला लहान असतात. रमजानात मुसलमान मुलाला उजाडण्यापूर्वी जेवायचे असते. तेव्हा खाणावळ बंद असते. जैन मुलगी दिवस मावळल्यावर जेवत नाही. खाणावळीत जेवण मिळते रात्री आठला. खोली पाहायला जावे, तर मालक आधी नाव विचारतो. नाव ऐकले, की म्हणतो, "खोली कालच गेली." अशा गोष्टी साचतात. मग एक दिवस पोर म्हणते, "मला घरी यायचे आहे." शिक्षण तिथेच तुटते.

मग पोराला पाठवूच नये काय? तसे नाही. आधी कायदा काय म्हणतो ते आपण पाहू.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिच्या २९ व्या कलमात सांगितले आहे, की सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजात केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. २८ वे कलम सांगते, की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणावर प्रार्थनेची किंवा धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी सज्ञान असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. लहान असेल तर पालकाची लागते.

पण पानात भाकरी वाढायला कायदा येत नाही. तिथे माणूसच लागतो.

कर्मवीर भाऊराव पाटील हे असे माणूस होते. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोजला जैन घरात झाला. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे १९४७ साली संस्थेने साताऱ्यात कॉलेज काढले. गरिबाची मुले तिथे काम करून शिकली.

आता आपण काय करावे? आपले पोर जाणार असेल, तर प्रवेश घेतानाच वसतिगृहाच्या प्रमुखांना भेटावे. जेवणाची वेळ, उपास, सण मोकळेपणाने सांगावे. सणाच्या सुट्टीचा अर्ज आधीच द्यायला शिकवावे. पोराला म्हणावे, "बाबा रे, आपले लपवू नकोस, दुसऱ्याचे हसू नकोस."

आणि परधर्माचे पोर आपल्या गावी शिकायला आले, तर? त्याला खोली द्यावी. सणाच्या दिवशी ते एकटे बसले असेल, तर विचारपूस करावी. त्याचीही आई दूर कुठेतरी काळजी करीत असते.

विचार करा :
१. आपल्या गावात बाहेरून शिकायला आलेली मुले कोठे राहतात?
२. त्यांच्या जेवणाची काय सोय आहे?