केनलीचे आडोसे आणि घसाऱ्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंग्लंडमधील एका जुन्या लष्करी विमानतळावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय मला सुचला तो हिशेबाच्या तासालाच. घसारा शिकविताना सरांनी विचारले, "ज्या वस्तूची पुस्तकी किंमत शून्य झाली, ती टाकून द्यायची काय?" मी ताबडतोब "होय सर" म्हणालो. त्या घाईमागे माझी एक चूक होती. ती शेवटी सांगतो.

लंडनच्या दक्षिणेस केनली येथे टेकडीवर हा विमानतळ आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तो सुरू झाला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा, १९३९-४० मध्ये, तेथे काँक्रीटच्या धावपट्ट्या, मैदानाला वळसा घालणारा रस्ता आणि त्या रस्त्याच्या कडेने लढाऊ विमानांसाठी आडोसे बांधण्यात आले. त्यांना 'ब्लास्ट पेन' म्हणतात. 'पेन' म्हणजे गुरांचा कोंडवाडा. आपल्याकडे गोठ्यात बैलजोडी बांधतात, तशी येथे विमानांची जोडी उभी राही.

या आडोशाचा आकार इंग्रजी 'ई' अक्षरासारखा असतो. मागे एक लांब भिंत आणि तिच्यापासून पुढे आलेले तीन हात. दोन हातांमधील प्रत्येक मोकळ्या जागेत एक विमान. भिंती म्हणजे मातीचे जाड बांध, आतून विटा-काँक्रीटने धरून ठेवलेले. मागच्या बांधाच्या पोटात माणसांना लपण्यासाठी निवारा. वर छप्पर मात्र नाही. बॉम्ब थेट विमानावर पडला तर विमान गेलेच. मग उपयोग काय? उपयोग असा, की शेजारी पडलेल्या बॉम्बचा धक्का आणि उडणारे तुकडे माती अडविते. विमाने एका ओळीत उभी असती तर एकाबरोबर दहा गेली असती. आडोशांमुळे नुकसान जागच्या जागी राहते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व नवे नाही. हे विम्याचेच तत्त्व होय. विमा आग थांबवीत नाही; एका आगीने सारा व्यापार बुडू नये एवढी तजवीज तो करतो. जोखीम वाटून टाकणे, हेच दोन्हीकडचे काम.

या तजविजीची परीक्षा १८ ऑगस्ट १९४० रोजी झाली. त्या दिवशी दुपारी नऊ जर्मन डॉर्निअर विमाने झाडांच्या उंचीवरून केनलीवर आली. पाठोपाठ उंचावरूनही बॉम्ब पडले. मैदानाच्या कडेला एक विलक्षण साधन मांडलेले होते. अग्निबाणाच्या जोराने पोलादी तार आकाशात उडवायची, वर पोहोचताच तिला जोडलेली हवाई छत्री उघडायची आणि तार शत्रूच्या वाटेत लोंबकळत राहायची. एक डॉर्निअर या तारेत सापडून कोसळले. तरीही चार हँगरांपैकी तीन नष्ट झाले. नियंत्रण कक्षाचे दळणवळण तुटल्यावर ते काम जवळच्या केटरहॅम गावातील एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानातून चालविण्यात आले. मोठी इमारत निकामी झाल्यावर एक साधे दुकान उपयोगी पडले, ही गोष्ट मला फार आवडली.

१९५९ मध्ये हवाई दलाचे लढाऊ विमानतळ म्हणून केनलीचे काम संपले. पुढे तेथे बिनइंजिनाची ग्लायडर विमाने उडत राहिली. हिशेबाच्या दृष्टीने आडोशांची किंमत तेव्हाच शून्य. मातीचे बांध आणि विटा. भंगारवालाही घेणार नाही. परंतु २००० साली इंग्लिश हेरिटेज या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्या लढाईतील लढाऊ विमानतळांपैकी सर्वांत अधिक शाबूत राहिलेला तळ केनलीच ठरला. त्याच वर्षी एका आडोशात स्मारक उभारण्यात आले आणि २००४ मध्ये आडोशांना कायद्याचे संरक्षण मिळाले. इतर ठिकाणच्या लोकांनी जे मोडून टाकले, ते येथे उरले म्हणून मोलाचे झाले.

सरळ रेषा पद्धतीने घसारा काढला तर किंमत एक दिवस शून्यावर येते. घटत्या शिल्लक पद्धतीत ती कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. जुन्या वस्तूंना दुसरी पद्धत अधिक लागू पडते, असे आता मला वाटते.

आता माझी चूक. माझे पणजोबा महायुद्धाच्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांची लोखंडी पेटी आमच्या माळ्यावर होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर होता. बारावीच्या सुट्टीत घर साफ करताना मी ती वजनावर भंगारात घातली. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "अरे, त्यांचा नंबर मला पाठ नव्हता रे." तो नंबर आता आमच्या घरात कुठेच लिहिलेला नाही.

आपल्या सांबऱ्याचा विमानतळही १९४२ च्या सुमारासचा, त्याच युद्धातला. तिथल्या कामावर गेलेल्या माणसांची नातवंडे आजही आसपासच्या गावांत असतील. मित्रहो, मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. माळा साफ करण्यापूर्वी विचारा. मी नंतर विचारले.